केळीची पानं, चिमणी आणि युरियाची गोणी

प्रश्न : पहिल्या पावसानंतर केळीच्या पानांवर तपकिरी ठिपके आले. गावात म्हणतात, दीपनगरच्या वीजकेंद्राच्या चिमणीमुळे तेजाबी पाऊस पडतो. खरं का, सर?
– एक केळी उत्पादक, रावेर तालुका

उत्तर : भाऊ, ठिपके लांबट असतील, शिरांना समांतर, आणि आधी खालच्या पानांवर, तर तो करपा. बुरशी आहे ती. रोगट पानं कापून बागेबाहेर न्या.

भुसावळला रसायन शिकवायचो तेव्हा जूनमध्ये पोरांना घेऊन गच्चीवर पातेलं मांडायचो. पीएच पट्टी (आकडा जितका खाली, तितकं आम्ल जास्त) सहाच्या खाली क्वचितच उतरायची. स्वच्छ हवेतला पाऊससुद्धा ५.६ च्या आसपास असतो. आपल्याकडे उन्हाळ्यात उडालेली चुनखडीची धूळ आम्ल मारून टाकते.

म्हणून चिमणी सुटली असं नाही. माझ्या लहानपणी भुसावळचा धूर लोको शेडवर दिसायचा. इंजिनं विजेची झाली, कोळसा वीजकेंद्रांत गेला. धूर रेल्वेच्या खात्यातून विजेच्या खात्यात, एवढंच! गंधकाच्या धुराचंच पावसात आम्ल होतं. आपल्या कोळशात गंधक कमी, पण जाळतो ढीगभर. डिसेंबर २०१५ मध्ये केंद्र सरकारने गंधकाच्या धुरावर मर्यादा घातली. मुदत दोन वर्षांची होती. ती वाढत गेली आणि जुलै २०२५ मध्ये बहुतेक वीजकेंद्रांना धूर धुण्याच्या यंत्रणेतून सूटच मिळाली. मला हे पटलेलं नाही. गाड्यांचं मात्र जमलं : एप्रिल २०२० पासून डिझेलमध्ये गंधक दहा लाख भागांत फक्त १० भाग.

युरोपात चिमण्यांचा धूर चुनखडीच्या पाण्याने धुतला, गॅस आणला, पूर्वेकडचे जुने कारखाने बंद पडले. १९९० च्या तुलनेत गंधकाचा धूर, म्हणजे सल्फर डायऑक्साइड, नव्वद टक्क्यांहून जास्त घटला. मग आम्लाच्या हिशेबात वर कोण आलं? शेती. शेण, मूत्र आणि खतांतून निघणारा अमोनिया तितका घटलाच नाही. तुम्ही म्हणाल, अमोनिया तर आम्लाच्या उलट! हवेत खरंच. पण जमिनीत उतरला की जिवाणू त्याचं नायट्रिक आम्ल करतात. एक किलो अमोनिया म्हणजे जवळजवळ १.९ किलो सल्फर डायऑक्साइड, असा हिशेब धरतात.

आपली काळी जमीन चुनखडीची, ती हे पचवते. पैसा मात्र उडतो. युरिया ओल्या मातीवर उघडा टाकून वर ऊन पडलं की अमोनिया हवेत जातो. मातीआड करा, नाहीतर ठिबकमधून द्या. पुढचा हप्ता टाकल्यावर दोन दिवसांनी खोडाशी वाकून वास घ्या. नाकाला झोंबलं, तर तुमचीच गोणी उडतेय.