मुंग्यांच्या घरातला भुंगेरा

पोरा, धुऱ्यावरच्या दगडाखाली मुंग्यांत सापडलेला तुझा जाड मिशांचा भुंगेरा पाहून मलाही भरून आलं. पॉसस या, मुंग्यांच्या घरट्यात राहणाऱ्या भुंगेऱ्यांच्या वंशातला दिसतो. पण नवी जात म्हणून त्याला नाव द्यायची घाई नको. कीटकशास्त्रज्ञ फाउलरचा भारतातल्या भुंगेऱ्यांवरचा १९१२ चा ग्रंथ आणि नंतरचे शोधनिबंध आधी वाच. मिशा, डोकं, नराची जननेंद्रियं जुन्या नमुन्यांशी ताडून पाहा.

त्याच घरट्यातल्या मुंग्याही आणल्यास ना? बारक्या कामकरी आणि मोठ्या डोक्याच्या शिपाई, दोन्ही हव्यात. यजमान मुंगी कळली नाही तर अर्धी गोष्ट हरवते. नमुन्यासोबत अल्कोहोलमध्ये टाकायची चिठ्ठी शिसपेन्सिलीनं लिही, पेनाची शाई विरघळते. गाव, तारीख, अक्षांश-रेखांश. दगड होता तसाच परत ठेव.

जात नवी निघाली, तर होलोटाइप, म्हणजे ज्या एका नमुन्यावरून नव्या जातीला नाव मिळतं तो, घरी ठेवायचा नसतो. जैवविविधता कायदा, २००२ प्रमाणे तो मान्य संग्रहालयातच जमा करावा लागतो.