मुलीला इंग्रजी येत नाही म्हणून घरातलं मराठी थांबवू नका

तुमची मुलगी साडेपाच वर्षांची आहे, ऐरोलीत मराठी माध्यमात जाते आणि दिवाळीनंतर तुम्ही इंग्लंडमध्ये, यॉर्कशायरमधल्या लीड्सला निघताय. आतापासून घरात इंग्रजीच बोलायचं का आणि स्पोकन इंग्लिशचा क्लास लावायचा का, असं तुम्ही विचारलंत. व्हिसा, घरभाडं, बँक यांबद्दल सगळीकडे लिहिलेलं मिळेल, ते मी सोडून देते. पण हा प्रश्न वाचल्यापासून डोक्यातून जात नाहीये. आम्ही ठाण्यातलं, नौपाड्यातलं घर बंद करून यॉर्कशायरला आलो तेव्हा आमची लेकही एवढीच होती.

घरात मराठीच बोला आणि क्लास लावू नका.

इथल्या सरकारी शाळांत आपल्यासारखा फी भरून प्रवेश घेता येत नाही. वर्षाच्या मध्येच आलेल्या मुलाला जिथे जागा असेल तिथे जावं लागतं. लहान वर्गांत एका शिक्षकामागे तीसच मुलं, असा कायदा आहे. त्यामुळे घराशेजारची शाळा भरलेली असू शकते. ठाण्याहून सही-शिक्क्यांचे कागद फाइल भरून आणले होते, त्यातला शाळेचा दाखला कोणी उघडूनही पाहिला नाही. पत्त्याचा पुरावा मात्र परत परत मागितला. भाडेकरार झाल्याशिवाय पत्ता नाही आणि पत्त्याशिवाय शाळा नाही. तोवर मूल खिडकीशी बसून इतर मुलांना शाळेत जाताना बघतं. तेव्हा करार पहिल्याच आठवड्यात करा, आणि लसीकरणाचं कार्ड हातातल्या बॅगेत ठेवा.

आता मुख्य गोष्ट. मुलगी शाळेत बोलणार नाही. काही आठवडे, कदाचित काही महिने. नवीन भाषेत टाकलेली बरीच लहान मुलं आधी गप्प राहून नुसतं ऐकतात, आणि हे शिक्षकांना माहीत असायला हवं. आमची लेक बिल्डिंगच्या पॅसेजमध्ये शेजारच्या काकूंना अडवून गोष्टी सांगणारी. ती शाळेत पाणीसुद्धा मागत नव्हती. घरी आली की मात्र सगळ्या उशा जमिनीवर ओळीने मांडायची, समोर खुर्ची टाकून बसायची आणि बोट ओठांवर ठेवून उशांना दटावायची, 'आयॅम वेटिंग!' स्वर हुबेहूब तिच्या बाईंचा. मग हजेरी, मग गोष्टीचं पुस्तक सगळ्यांना दिसेल असं धरणं. मी दाराआडून ऐकायचे. आनंद व्हायचा, पण नुसता आनंद नव्हता. माझ्या मुलीच्या खेळात मला जागा नसलेली ती पहिली वेळ होती, आणि ते मला अजून नीट पचलेलं नाही.

त्याच दिवसांत शाळेने बोलावून सांगितलं की भाषेत विलंब दिसतोय, घरी फक्त इंग्रजी बोला. आम्ही नाही म्हणालो. वर्षअखेरीच्या अहवालात 'शांत, संकोची मुलगी' असं लिहून आलं. वर्षभर शिकवूनही माझी मुलगी त्या बाईंना भेटलीच नव्हती. ती आता पुष्कळ मोठी झाली आहे, घडाघडा बोलते, पण त्या ओळीचा राग माझ्या मनातून गेलेला नाही.

म्हणून तुम्हाला आधीच सांगून ठेवते. फक्त इंग्रजी कमी येतं म्हणून मुलाला 'विशेष गरजा' असलेलं ठरवता येत नाही, हे इथल्या 2014च्या कायद्यातच आहे. खेळण्यापुरतं इंग्रजी साधारण दोन वर्षांत येतं. अभ्यासाच्या इंग्रजीत वर्गाच्या बरोबरीला यायला पाच ते सात वर्षं लागू शकतात. पहिल्या टर्मला निकाल लावू नका, त्यांनाही लावू देऊ नका.

तुमची मुलगी थेट इयर वनमध्ये, म्हणजे पाच-सहा वर्षांच्या मुलांच्या वर्गात बसेल. जूनमध्ये फोनिक्सची, म्हणजे अक्षरांचे उच्चार जोडून शब्द वाचण्याची तपासणी असते. चाळीस शब्द वाचायचे, त्यातले निम्मे मुद्दाम बनवलेले, अर्थ नसलेले. क्लासमधलं 'ए फॉर ॲपल' तिथे उपयोगी पडत नाही. उच्चार जोडता यावे लागतात, आणि बाराखडी वाचणाऱ्या मुलाला ते सोपं जाऊ शकतं. राहिलं तर पुढच्या वर्षी पुन्हा संधी असते. तेव्हा क्लासचे पैसे वाचवा आणि निघण्याआधी तिचं मराठी वाचन पक्कं करून घ्या. इथे आल्यावर त्याला वेळ मिळत नाही. आमच्या लेकीचं अर्धवट राहिलेलं वाचन मग तिच्या आजीने रोज व्हिडिओ कॉलवर पुरं करून घेतलं.

एकटेपणाचंही विचारलंत. असतो. हिवाळ्यात चार वाजता अंधार पडतो तेव्हा जास्त. कामाला लागलात की कमी होतो.

मुलगी मराठीतही अडखळत असेल, साधं वाक्य जुळवता येत नसेल, तर निघण्याआधीच डॉक्टरांना दाखवून घ्या, लपवू नका. तसं नसेल आणि शाळेने स्पीच थेरपीचा कागद पुढे केला, तर सही करण्याआधी एवढंच विचारा, की तपासणी मराठीतही होणार का आणि दुभाषी कोण देणार.