चित्रात भडक रंग वापरूनही ते सपाट का दिसतं?

बहुतेक वेळा रंग वेगवेगळे असतात, पण त्यांचा गडद-फिकटपणा जवळपास सारखाच असतो, म्हणून. आकार आणि खोली डोळ्याला मुख्यतः उजेड-अंधाराच्या विरोधातून कळते. मध्यम गडद लाल आणि तितकाच गडद हिरवा शेजारी ठेवा, रंग म्हणून ते भांडतील, पण कृष्णधवल फोटोत दोन्ही एकच करडे होतील. तेच करून बघा: चित्राचा मोबाइलवर फोटो काढा, त्यातला रंग काढून टाका. चेहरा आणि पार्श्वभूमी एकमेकांत मिसळली, तर गोम तिथेच आहे.

दुरुस्ती करताना आधी गडद-फिकटपणाच्या तीनच पायऱ्या ठरवा: बराचसा भाग मध्यम, त्याहून कमी भाग गडद, आणि अगदी थोडा भाग उजळ. सर्वांत उजळ आणि सर्वांत गडद जागा एकमेकींना चिकटून फक्त तिथेच आणा जिथे नजर थांबायला हवी, उदाहरणार्थ गालाची कड आणि मागची सावली. हा विरोध सगळीकडे पसरवला की नजर भिरभिरते.

उजळपणासाठी लगेच पांढरा मिसळू नका, रंग खडूसारखा मरतो. शेजारचा भाग गडद करा. तोच करडा काळ्याशेजारी उजळ आणि पांढऱ्याशेजारी गडद भासतो. शेजारच्या रंगांचा हा परिणाम फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ शेव्हरल यांनी १८३९च्या ग्रंथात सविस्तर मांडला आहे.

मात्र धुक्याचं किंवा पावसाळी दृश्य असेल तर हा विरोध मुद्दाम कमीच ठेवावा. तिथे उबदार (लाल-पिवळे) आणि थंड (निळे-हिरवे) रंगांतला फरक आणि कडांचा ठळकपणा कामाला येतो.