वाचक विचारतात : जुनी फोर बाय फोर घेतली, आता सुरुवात कुठून?

प्रश्न : दादा नमस्कार, नुकतीच २०१३ ची थार घेतली, डिझेल, फोर बाय फोर, म्हणजे गरजेला चारही चाकांना इंजिनची ताकद देणारी. याआधी बाईक आणि घरची अल्टो सोडून काही चालवलेलं नाही. विकणारा म्हणाला, फोर व्हील आम्ही कधी वापरलीच नाही, एकदम कोरी आहे. आता मित्र मागं लागलेत, मोठे टायर टाक, लाइट बार लाव, पुढं लोखंडी बंपर बसव. घर गगनबावडा तालुक्यात, पावसात रोज घाट आणि घरापर्यंतचा कच्चा रस्ता. कशापासून सुरुवात करू?
– एक वाचक, गगनबावडा

उत्तर : भावा, सगळ्यात आधी अभिनंदन, तुझ्या भागात ही गाडी शोभेची नाही, खरंच कामाची आहे. पण "कधी वापरलीच नाही" हे जे विकणाऱ्यानं कौतुकानं सांगितलं ना, ते ऐकून मला उलट काळजी वाटली. कारण फोर व्हील लावायचा जो वेगळा लिव्हर असतो तो वर्षानुवर्षं हलवलाच नाही की त्याचे जोड गंजतात, जाम होतात, आणि वापरतच नाही म्हणून ट्रान्स्फर केसचं, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणाऱ्या पेटीचं, ऑइल बदलायचं कुणाच्या डोक्यातच येत नाही. मग ऐन जुलैत चिखलात उभा राहून लिव्हर ओढायचा आणि तो जागचा हलायचा नाही, असं व्हायला नको. म्हणून पहिला खर्च गाडीच्या खाली कर, वरच्या सजावटीचं नंतर बघ.

कोल्हापूरच्या उद्यमनगरात किंवा तुझ्या ओळखीच्या मिस्त्रीकडं गाडी रॅम्पवर घे आणि चार ठिकाणचं ऑइल बघायला सांग : गिअरबॉक्स, ट्रान्स्फर केस, पुढचा डिफरन्शिअल आणि मागचा डिफरन्शिअल (वळताना डाव्या-उजव्या चाकाला वेगवेगळ्या वेगानं फिरू देणारा गिअरचा डबा). खूप जण इंजिन ऑइल बदलून सर्व्हिस झाली म्हणतात आणि ही चारही तशीच राहतात. ऑइल दुधाळ, चहासारखं निघालं तर आत पाणी गेलंय असं समज. आणि एक गोष्ट मिस्त्रीला आवर्जून सांग, आधी वरचा भरायचा नट सुटतोय का ते बघा, मगच खालचा काढा. कारण जुन्या गाडीत वरचा नट गंजून अडकलेला असतो, खालून सगळं ऑइल काढून बसल्यावर जर वरून भरताच आलं नाही तर गाडी तिथंच उभी. हे झालं की पुढच्या चाकांच्या एक्सलवरचे रबरी बूट फाटलेत का, प्रॉपेलर शाफ्टचे (चाकांकडं ताकद नेणाऱ्या लांब दांड्याचे) क्रॉस, म्हणजे टोकाचे सांधे, हाताने हलवल्यावर वाजतात का, आणि मागच्या पाट्यांचे (लीफ स्प्रिंगचे) हँगर जिथं चासीला जोडलेत तिथं गंज आहे का, हे तू स्वतः टॉर्च घेऊन बघ. हातोडीनं हलकं ठोकायचं, चांगला पत्रा खणखणीत वाजतो, सडलेला भदभद वाजतो.

आता लिव्हर. तुझ्या गाडीची फोर व्हील पार्ट टाइम आहे, म्हणजे रोजची गाडी टू एचवर, मागच्या दोन चाकांवर चालवायची. फोर एच, म्हणजे चारही चाकं नेहमीच्या वेगाला, लावला की पुढचा आणि मागचा शाफ्ट एकमेकांना घट्ट बांधले जातात, मध्ये डिफरन्शिअल नाही. वळणावर पुढची चाकं मागच्यांपेक्षा जास्त अंतर कापतात, चिखलात किंवा खडीवर हा फरक चाक थोडं घसरून निघून जातो, पण कोरड्या डांबरावर चाक घसरत नाही, मग सगळा पीळ गिअरच्या दातांवर आणि शाफ्टवर बसतो. स्टेअरिंग जड होतं, गाडी अडखळते, आणि नंतर लिव्हर टू एचला यायला मागत नाही. असं झालं तर जोर लावून लिव्हर मोडू नकोस, सरळ रेषेत थोडं रिव्हर्स घे, पीळ सुटतो आणि लिव्हर अलगद येतो. फोर एल, म्हणजे चारही चाकं पण हळू आणि जास्त जोरानं, मात्र गाडी पूर्ण थांबवून, क्लच दाबून, मेन गिअर न्यूट्रल करूनच टाकायचा.

महिन्यातून एकदा तरी कच्च्या रस्त्यावर फोर एच टाकून थोडं अंतर सरळ चालव, ऑइल आत फिरतं, जोड मोकळे राहतात. सरावाला शेजाऱ्याला विचारून ऊस तुटलेलं रान मिळालं तर बेस्ट. पन्हाळ्याजवळचं मसाई पठार किंवा दुसरा कुठला सडा, म्हणजे कातळाचं पठार, सरावासाठी वापरू नकोस रे, पावसात तिथल्या मातीच्या पातळ थरात जी फुलं उगवतात ती टायरखाली गेली की तो पट्टा लवकर भरून येत नाही. हे मला मनापासून वाटतं, गाडी जाते म्हणून न्यायची नसते.

घाटाबद्दल. फोर व्हीलची मदत गाडी निघायला होते, थांबायला नाही. ब्रेक अल्टोचे पण चारही चाकांनाच लागतात, त्यामुळं करूळ घाटात ओल्या डांबरावर तुझी थार त्या अल्टोपेक्षा लवकर थांबणार नाही, वजनामुळं उलट उशिराच. तिथं टू एच, खालचा गिअर, आणि चांगले टायर. ओल्या कच्च्या उतारावर मात्र फोर एल, पहिला गिअर, क्लचवरून पाय काढून टाक, इंजिनच गाडी धरून ठेवतं, ब्रेक जवळजवळ लागतच नाही. आणि तरीही अडकलास तर घाबरू नकोस. तुझ्या मॉडेलला लॉकिंग डिफरन्शिअल (दोन्ही चाकं एकत्र बांधणारा) नाही, तो थारला २०१५ पासून आला, त्यामुळं पुढचं एक आणि मागचं एक चाक अधांतरी झालं की सगळी ताकद त्या फिरणाऱ्या चाकांनाच जाते. ॲक्सिलरेटर दाबून खड्डा खोल करण्यापेक्षा उतर, चाकाखाली दगड भर.

मित्रांच्या यादीचं काय, तर मूळ मापाचेच पण चारही एकसारखे चांगले टायर टाक, तेवढं आत्ता पुरे. एक जोडी नवी आणि एक झिजलेली असली तरी फोर एचमध्ये पीळ वाढतो. फार मोठे टायर घातले की क्लचवर ताण, ब्रेकला ताण, स्पीडोमीटर खरा वेग दाखवत नाही. लोखंडी बंपरवर केंद्र सरकारनं डिसेंबर २०१७ मध्येच बंदी आणलीय, रस्त्यावरच्या माणसाला त्यानं जास्त इजा होते म्हणून, ते योग्यच आहे. लाइट बारनं समोरचा आंधळा होतो, घाटात ते नकोच. पैसे उरले तर गाडी ओढायचा चांगला पट्टा, तो अडकवायची लोखंडी कडी म्हणजे डी शॅकल आणि हवा भरायचा छोटा पंप घे.

प्रश्न : दादा, मी आणि मिस्टर मिळून जुनी फोर व्हील बोलेरो बघतोय, शेतावर जायला. स्वस्त मिळतेय पण पुरातली असेल का अशी शंका येते. कसं ओळखायचं?
– एक वाचक, शिरोळ

उत्तर : ताई, शंका रास्त आहे, २०१९ आणि २०२१ च्या पुरात आपल्याकडच्या कितीतरी गाड्या पाण्यात होत्या आणि धुऊन पुसून विकल्या गेल्या. सीट बेल्ट शेवटपर्यंत बाहेर ओढा, जो भाग कायम आत गुंडाळलेला असतो तिथं मातकट रेघ दिसली तर पुढं बघायची गरज नाही. नाहीतर सीटच्या रेलचे बोल्ट, कार्पेटखालचा पत्रा, डॅशबोर्डखालच्या वायरींचे कनेक्टर बघा, तिथं कुणी पॉलिश करत नाही. दरवाज्याच्या आतला वास उन्हात गाडी बंद ठेवून मग घ्या. विम्याच्या जुन्या क्लेमची माहिती मागा, द्यायला टाळाटाळ झाली तर सोडून द्या. आणि चालवून बघताना फोर एच, फोर एल दोन्ही मातीवर टाकून दाखवायला सांगा, डांबरावर नको. डॅशवरचा दिवा लागला म्हणजे पुढची चाकं ओढतात असं नाही, मागची चाकं चिखलात ठेवून गाडी पुढच्या चाकांनी बाहेर येते का ते बघा.

प्रश्न : निपाणीकडची केए, म्हणजे कर्नाटकच्या नंबरची जिप्सी आवडलीय. लगेच चालवायला घेतली तर चालेल का?
– एक वाचक, कागल

उत्तर : पैसे द्यायच्या आधी विकणाऱ्याकडून तिकडच्या आरटीओची एनओसी (ना हरकत दाखला), म्हणजे फॉर्म २८, हातात घ्या. ट्रान्स्फरसाठी फॉर्म २९ आणि ३० दोघांच्या सह्यांनी, कर्ज असेल तर बँकेचा फॉर्म ३५. महाराष्ट्रात टॅक्स वेगळा भरावा लागेल, तो किमतीत धरूनच घासाघीस करा. विमा तुमच्या नावावर करायला १४ दिवसांत अर्ज द्यायचा, हे फार जण विसरतात आणि अपघात झाल्यावर आठवतं. जिप्सी १५ वर्षांच्या पुढची असेल तर आरसीचं नूतनीकरण झालंय का ते बघा, ते पाच पाच वर्षांचं मिळतं. आणि चासी नंबर कागदावर वाचून सोडून देऊ नका, फ्रेमवर कोरलेला नंबर कापडानं पुसून, फोटो काढून, एकेक आकडा आरसीशी जुळवा, जुन्या जिप्सींच्या फ्रेमवर वेल्डिंग बऱ्याचदा झालेलं असतं.