‘अर्धा दिवस काम’ म्हणून बी.एड.?

प्रश्न : मुलगी रसायनशास्त्र घेऊन बी.एस्सी. झाली, ६८ टक्के आहेत. तिला लॅबमध्ये नोकरी हवी आहे. आमच्या मते तिने बी.एड. करून शाळेत लागावं. अर्धा दिवस काम, भरपूर सुट्ट्या, पुढे संसारालाही सोयीचं. मुलांमध्ये रमणारी ती नाही, पण होईल सवय. एवढे टक्के पुरतील का?
– एक आई

उत्तर : ताई, टक्के पुरतील. प्रवेशासाठी सीईटी, बी.एड.ची दोन वर्षं, मग टीईटी म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा आणि भरतीसाठी अभियोग्यता चाचणी, असा रस्ता आहे. पण तुमचं पत्र वाचून मला धास्ती वाटली ती वेगळ्याच गोष्टीची. मुलगी मुलांमध्ये रमत नाही हे ठाऊक असूनही तिने उभी नोकरी मुलांमध्येच काढावी, असं तुम्ही ठरवून टाकलंय.

अर्ध्या दिवसाचा समज आधी काढून टाका. शिक्षण हक्क कायद्यात (२००९) पहिली ते आठवीच्या शिक्षकांसाठी आठवड्याला किमान ४५ तास सांगितले आहेत, पाठाची तयारी धरून. त्याच कायद्याने जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुकीची कामंही शिक्षकांना देता येतात. शिवाय पोर्टलवर माहिती भरणं असतं, पालकांचे फोन असतात आणि वह्यांचे गठ्ठे घरी येतात.

आणि खरा कस वर्गात लागतो. एक द्वितीयांश अधिक एक तृतीयांश किती? एक मुलगा फळ्यावर दोन पंचमांश लिहितो. त्याने वरचे आकडे वर मिळवले, खालचे खाली. ते नुसतं खोडून चालत नाही. अर्ध्यात भर घातल्यावर उत्तर अर्ध्याहून कमी कसं आलं, हे त्याचं त्यालाच दिसावं लागतं. तेवढ्यात मागच्या बाकांवर गलका सुरू होतो, कुणाची तरी वही फाटलेली असते, आणि तासिका संपत आलेली असते. असं दिवसातून पाच-सहा वेळा. ज्यांनी हे काम मनापासून निवडलं, तेही थकतात, वैतागतात. पण त्या मुलाला गणित उमगलं की त्यांना पुन्हा हुरूप येतो. ज्याला मुलांचं काही वाटतच नाही, त्याच्या वाट्याला नुसता वैताग उरतो, आणि त्याची झळ मुलांना बसते. तुमच्या मुलीइतकीच मला त्यांचीही काळजी आहे.

सीईटीचा अर्ज तूर्त भरू नका. औषध कंपन्यांचे गुणवत्ता नियंत्रण विभाग, अन्न आणि पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळा इथे तिच्या पदवीला काम आहे, पुढे एम.एस्सी.ही करता येईल. पुढचं पत्र मात्र तिला स्वतःला लिहू द्या, आणि पाठवण्याआधी वाचू नका.