नदी-तळ्यांच्या राखणदारांचा सन्मान: वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

प्रश्न: आमच्या मंडळाला यंदापासून नदी आणि तळी जपणाऱ्या स्थानिकांचा सन्मान करायचा आहे. निवड कशी करावी?

उत्तर: पहिली अट सातत्याची ठेवा, निदान तीन वर्षं सलग काम. एका दिवसाच्या मोहिमेत ढीगभर कचरा निघतो, पण वरच्या नाल्यातून तो येतच राहिला तर पुढच्या पुरानंतर काठ होता तसाच होतो. म्हणून ‘किती पोती काढली’ यापेक्षा ‘कचरा येणं कुठे थांबवलं’ हे विचारा.

अर्ज एका पानाचा पुरे: कोणता टप्पा, कधीपासून, काय काम, सोबत कोण. जुने-नवे फोटो एकाच जागेवरून आणि एकाच ऋतूत काढलेले हवेत. उन्हाळ्यातलं आटलेलं तळं आणि पावसानंतरचं भरलेलं तळं शेजारी ठेवलं, तर तुलना फसवी ठरते. शिफारस दोघांची घ्या. त्यातला एक प्रवाहाच्या खालच्या अंगाला राहणारा असावा, कारण वर काय चाललंय ते त्याच्या पाण्यात उतरतं. मासेमार, नावाडी यांच्यापैकी अनेक जण स्वतःहून अर्ज करणार नाहीत. त्यांची नावं इतरांना सुचवू द्या, माहिती तोंडी घ्या. पाण्यातला बदल सगळ्यात आधी त्यांच्याच लक्षात येतो.

प्रश्न: जलपर्णी काढणाऱ्या एका गटाचं नाव आलं आहे. तळं खरंच सुधारलं का, हे कसं तपासायचं?

उत्तर: आधी काढलेली जलपर्णी कुठे टाकली ते पाहा. काठावरच कुजू दिली असेल तर तिच्यातलं नत्र-स्फुरद, म्हणजे तिचंच खत, पावसाबरोबर परत तळ्यात जातं. ही वनस्पती पोषक पाण्यात साधारण दोन आठवड्यांत दुप्पट होते आणि तिचं बी गाळात १५-२० वर्षं तग धरतं. सांडपाणी अडवलं नसेल तर ती परतणारच. काठावरची पाणवनस्पती खरवडून सिमेंटची भिंत बांधली असेल, तर त्याला सुधारणा म्हणू नका. माशांची अंडी घालायची जागाच त्यात जाते.

मग पाणी किती नितळ आहे ते मोजायला सेकी चकती वापरा. २० सेंटिमीटर व्यासाची, काळ्या-पांढऱ्या चार भागांत रंगवलेली ही चकती खाली वजन लावून, न ताणणाऱ्या दोरीला बांधा. दोरीवर दर १० सेंटिमीटरला खूण करा. सकाळी १० ते दुपारी ३ दरम्यान, होडीच्या सावलीच्या बाजूने, गॉगल काढून ती सोडा. दिसेनाशी होते ती खोली लिहा, वर ओढताना पुन्हा दिसते तीही लिहा. दोन्हींची सरासरी म्हणजे पारदर्शकता. चकती तळाला टेकूनही दिसत असेल तर नोंद धरू नका. जोराच्या पावसानंतरची गढूळ नोंदही वेगळी ठेवा. दर महिन्याला त्याच जागी मोजलं तरच कल समजतो.

स्वच्छ दिसणारं पाणी निरोगी असेलच असं नाही, म्हणून विरघळलेला प्राणवायूही मोजा, तोही पहाटे. शेवाळ दिवसा प्राणवायू सोडतं आणि रात्री वापरतं; दुपारची नोंद त्यामुळे उगाच चांगली येते. लिटरला ५ मिलिग्रॅमच्या खाली गेला की बऱ्याच माशांना त्रास सुरू होतो.

प्रश्न: सन्मान एका व्यक्तीचा करावा की गटाचा?

उत्तर: शक्यतो गटाचा, मानपत्रावर सगळ्यांच्या नावांसह. जलसंधारणासाठी झटणारे राजेंद्र सिंह यांना २०१५चा स्टॉकहोम जल पुरस्कार मिळाला, पण राजस्थानातले जोहड (पावसाचं पाणी साठवणारी मातीची तळी) उभे राहिले ते गावकऱ्यांच्या श्रमातून.

प्रश्न: बेकायदा वाळूउपशाविरुद्ध लढणाऱ्या एका ताईंना गौरवायचं आहे. त्यांना धोका होईल का?

उत्तर: होऊ शकतो. होंडुरासमध्ये ग्वालकार्के नदीवरच्या धरणाला विरोध करणाऱ्या बेर्ता कासेरेस यांना २०१५मध्ये गोल्डमन पर्यावरण पुरस्कार मिळाला. मार्च २०१६मध्ये त्यांच्या घरातच त्यांचा खून झाला. जागतिक पुरस्कारही ढाल ठरला नाही. म्हणून आधी ताईंना एकट्यात विचारा. फोटो, पत्ता, रोजचा रस्ता यांतलं काय छापायचं ते त्याच ठरवतील. नको म्हणाल्या तर नाव जाहीर न करता मदत द्या: पाण्याच्या प्रयोगशाळा-चाचणीचा खर्च, वकिलाचा सल्ला, लाइफ जॅकेट. त्यांच्या तक्रारीचा पाठपुरावा मंडळाच्या नावाने करा, म्हणजे रोख एकटीवर राहत नाही. आणि कार्यक्रमाचा प्रायोजक ठरवण्याआधी त्याचं सांडपाणी कुठे जातं, ते तपासून घ्या.