पहिल्यांदाच कॅराव्हॅन घेऊन कोकणात निघताय?

जा, मुलांना मजा येईल. फक्त रेवस ते रेड्डी हा किनाऱ्याकाठचा अख्खा सागरी मार्ग एका दमात करायचा हट्ट सोडा. पहिल्या वेळी दापोली ते गणपतीपुळे एवढंच घ्या, तेही पाच दिवसांत. सागरी मार्गावर किलोमीटर मोजू नका, तास मोजा.

नवखे हमखास चुकतात त्या गोष्टी:

- गाडीची उंची-लांबी माहीत नसणे. चिठ्ठीवर लिहून स्टिअरिंगजवळ चिकटवा. वाडीतल्या गल्लीत खाली आलेल्या वायरी आणि फणसाच्या फांद्या दिसल्या की कुणीतरी उतरून पुढे चालायचंच. आमचं छत एकदा असंच खरवडलं, मॅपवर विसंबून.

- फेरीबोट गृहीत धरणे. दाभोळ–धोपावे आणि जयगड–तवसाळमुळे मोठा वळसा वाचतो, पण आधी फोन करून गाडीची लांबी सांगा. ओहोटीला बोटीत चढायचा उतार जास्त तिरका होतो आणि लांब गाडीचं मागचं टोक घासतं.

- वाळूवर गाडी घालणे. नका! भरती कुणासाठी थांबत नाही.

घाट उतरताना, मग तो आंबा असो की आंबोली, खालच्या गिअरमध्ये या. सतत ब्रेक दाबून ठेवला की तो तापतो आणि ऐन वळणावर लागत नाही.

मुक्काम अंधार पडायच्या आत. एखाद्या घरगुती खानावळीच्या अंगणात विचारून गाडी लावा. पाणी मिळतं, शिवाय सोलकढी. सांडपाणी मात्र त्यांच्या विहिरीजवळ सोडू नका.

सोलर, इन्व्हर्टर वगैरे पुढच्या खेपेला बोलू.